103 वर खिळलेली नाडी

बसल्यावर 103, झोपल्यावर 103, जिना चढून आल्यावरही 103. नाडी अशी एका आकड्यावर खिळली की संशय घ्यायलाच हवा. रुग्ण पस्तिशीतला, लहानपणी टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो या जन्मजात हृदयदोषाची शस्त्रक्रिया झालेली. आधीच्या ईसीजीवर ‘सायनस टॅकिकार्डिया’, म्हणजे हृदयाच्या नेहमीच्याच केंद्रातून येणारी जलद धडधड, असा शेरा होता. वरून खाली जाणारे संकेत क्षणभर अडवणारं ॲडेनोसिन दिल्यावर हृदयाचे खालचे कप्पे क्षणभर थांबले आणि ईसीजीवर टी लाटेत लपलेली पी लाट, म्हणजे एट्रियमची (वरच्या कप्प्याची) खूण, उघडी पडली. एट्रियम मिनिटाला 207 वेळा धडधडत होतं, खाली दोनांतला एकच ठोका उतरत होता. सगळेच उतरले असते तर नाडी 207. या रुग्णांत भीती असते ती याचीच.

अन्ननलिकेतून केलेल्या इकोत गुठळी नव्हती, म्हणून ॲब्लेशनला, म्हणजे संकेताची वाट ऊर्जेने जाळून बंद करायला, घेतलं. संकेत एट्रियममध्ये गोल गोल फिरत होता; त्याच्या एका फेऱ्याचा काळ 290 मिलिसेकंद. ट्रायकस्पिड झडप आणि खालची महाशीर यांमधल्या इस्थमसवर, म्हणजे अरुंद पट्टीवर, पेसिंग केलं (बाहेरून विद्युत ठोके दिले), तर परतीचा ठोका 300 ला आला. झडपेपासून दूर, उजव्या एट्रियमच्या भिंतीवरच्या टाक्यांच्या व्रणामागे तो 302 ला आला. परतीचा ठोका फेऱ्याच्या काळाच्या जवळपास आला, म्हणजे दोन्ही जागा फेऱ्यातल्याच. झडपेभोवती एक आणि व्रणाभोवती दुसरा, असे दोन फेरे जोडीने चालू होते.

इस्थमसवरची जाळलेल्या ठिपक्यांची ओळ पूर्ण झाली तरी टॅकिकार्डिया थांबला नाही, फक्त 290 चे 320 झाले. इथेच घात होतो. ओळ कच्ची राहिली असं समजून तिथेच पुन्हा पुन्हा ऊर्जा दिली जाते. इस्थमसवर परत पेसिंग केलं, तर परतीचा ठोका 410 ला, म्हणजे 320 पेक्षा बराच उशिरा, आला. पहिला फेरा तुटला होता, उरला होता तो व्रणाभोवतीचा.

आता व्रणाच्या खालच्या टोकापासून महाशिरेपर्यंत दुसरी ओळ. पण या भिंतीलगत श्वासपटल हलवणारी फ्रेनिक नर्व्ह जाते, म्हणून ऊर्जा देण्याआधी प्रत्येक जागी 20 मिलिअँपिअरने पेसिंग. भूलतज्ज्ञांना स्नायू शिथिल करणारं औषध देऊ नका, असं आधीच सांगून ठेवलं होतं. ते चढलेलं असलं तर नर्व्ह जवळ असूनही श्वासपटल हलत नाही आणि चाचणी फसवते. तिसऱ्या जागी रुग्णाच्या पोटावर ठेवलेल्या हाताला उचकीसारखा झटका लागला. ओळ सेंटीमीटरभर मागे घेतली. तिथे झटका नव्हता.

35 वॉट, कॅथेटरच्या टोकातून सलाइन चालू. चौथ्या जागी 320 चे 346 झाले आणि ताल सायनसवर, म्हणजे नेहमीच्या केंद्रावर, आला. खोलीतले सगळे खूश झाले, पण टॅकिकार्डिया थांबला म्हणजे ओळ पक्की झाली असं नव्हे. ओळीच्या बाजूला पेसिंग करून पाहिलं. ओळीवर सगळीकडे दोन संकेत 110 मिलिसेकंदांच्या अंतराने सुटे दिसत होते, म्हणजे तिथे ओळ बंद होती. महाशिरेजवळ मात्र ते जवळ येऊन एकमेकांत मिसळले होते. फट तिथे होती. आणखी दोन ठिकाणी ऊर्जा दिली, अर्धा तास थांबलो आणि दोन्ही ओळी दोन्ही बाजूंनी पुन्हा तपासल्या. दोन्ही बंदच होत्या.