खिडकी उघडी आहे वाटतं

"हिच्या घराची खिडकी उघडी आहे वाटतं." मेथी निवडता निवडता आई एकदम म्हणाली, मला आधी कळलंच नाही ती कुणाबद्दल बोलतेय.

स्पीकरवर एड्रियन लेंकर ही अमेरिकन गायिका चालू होती. २०२० चा 'साँग्ज' अल्बम, मॅसॅच्युसेट्सच्या जंगलातल्या एका खोलीच्या केबिनमध्ये टेपवर रेकॉर्ड केलेला, त्यात मागे पाऊस, पक्षी सगळं ऐकू येतं. मला हे माहीत होतं कारण मी कुठंतरी वाचलं होतं. आईनं नुसतं ऐकलं.

इकडे मी आमच्या ग्रुपवर दोन आठवडे लिंका टाकतोय. लेंकरचा २०२४ चा 'ब्राइट फ्यूचर', वॅक्सहॅचीचा 'टायगर्स ब्लड', सुफ्यान स्टीव्हन्सचा आई गेल्यावरचा 'कॅरी अँड लोवेल', आणि प्रत्येकाला उत्तर काय तर अंगठा 👍 तोही सात सेकंदात!! अरे सात सेकंदात तर गिटारही नीट सुरू होत नाही.

आई सवाईला घरची उशी घेऊन जाऊन तासन्‌तास बसणारी बाई, इंग्रजी गाण्यांना ती "ते तुझं कण्हणं" म्हणते. पण परवा जुडी संपली तरी उठली नाही. मग म्हणाली, "शब्द नाही कळले. पण कुणाला दाखवायला गात नाहीये ती."

आणि डेखं कचऱ्यात टाकायला निघून गेली.

मी ग्रुपवर काय काय लिहीत होतो, इंडी-फोक, लो-फाय, मस्ट लिसन वगैरे. 😅 आता तिला निक ड्रेकचा 'पिंक मून' लावून द्यावा म्हणतोय, जेमतेम २८ मिनिटांचा आहे, गवार निवडून होईल तेवढ्यात.

तुमच्या घरी असं कोण आहे?