पाणी किती, ताप किती

जुलै संपत आलेला, पाऊस चार दिवस थांबायचं नाव घेत नव्हता आणि मी तापानं फणफणून पडलेले. नेमकी तेव्हाच कृष्णा पण चढायला लागलेली. आता सांगलीत पावसाळ्यात कुणी कुणाला "कसं काय?" विचारत नाही, "पाणी किती?" विचारतात, आणि उत्तर म्हणजे आयर्विन पुलापाशी किती फूट एवढंच, नदीचं नाव पण घ्यावं लागत नाही. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलेलं, तेव्हापासून पाण्यानं तिशी ओलांडली की आमच्या आप्पांच्या हातातला मोबाईल सुटत नाही.

त्यात आता थर्मामीटरची भर. म्हणजे एका हातात पूल, दुसऱ्या हातात मी. पुण्याच्या मावशीचा फोन आला, "दाजी, किती झालं?" आप्पांनी थर्मामीटर उजेडात धरून सांगितलं, "१०२. मगाशी १०१ होतं." तिकडनं मावशी किंचाळली, "आता गं बया! मग पूल कुठं राहिला?" मला हसू आलं, पण दात इतके वाजत होते की मी हसतेय का कुडकुडतेय ते कुणाला कळलं नसेल.

आणि तेच मला कळेना. अंग तव्यासारखं तापलेलं, आई कपाळाला हात लावून झटक्यात मागं घ्यायची, आणि मी मात्र दोन वाकळांच्या खाली महाबळेश्वरात डिसेंबरच्या पहाटे उघड्यावर बसवल्यासारखी. १०२ ला उकडायला पाहिजे ना, थंडी कसली वाजते? मग पडल्या पडल्या मोबाईलवर वाचत बसले. बारावीला बायो होतं तेव्हा हायपोथॅलॅमसचं स्पेलिंग पाठ करण्यातच जीव गेलेला, तो करतो काय हे विचारायचं राहूनच गेलं.

तर हा हायपोथॅलॅमस म्हणजे मेंदूच्या बुडाशी बदामाएवढा तुकडा, वजन जेमतेम ४ ग्रॅम. पण शरीराचं आयर्विनचं मोजमाप आणि कोयना धरणाचे दरवाजे दोन्ही याच्याच ताब्यात. रक्त किती गरम आहे, किती खारट आहे, हे तो स्वतःच मोजतो, कातडीकडनं नसांमधून बातम्या येतात त्या पण घेतो, आणि मग काही हुकूम नसांमधून सोडतो, काही त्याच्या खालीच देठाला लोंबणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीकडनं हार्मोन्समधून. दोघं इतके शेजारी शेजारी की आपलं कोयना आणि कर्नाटकातलं अलमट्टी धरण यांच्यासारखी दोन राज्यांची पत्रापत्री मध्ये नाही. उकडलं की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंद करा, घाम सोडा. म्हणजे आपल्या भाषेत विसर्ग वाढवा. गार पडलं की विसर्ग बंद, वाहिन्या आवळा, तरीही भागलं नाही तर स्नायू हलवून उष्णता तयार करा, तीच हुडहुडी. हे सगळं ९८.६ च्या आसपास टिकवायला. या सगळ्या खटाटोपाला वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९२६ मध्ये होमिओस्टॅसिस असं नाव दिलं. आयर्विन पूल १९२९ चा, म्हणजे पुलापेक्षा हा शब्द ३ वर्षांनी थोरला (याचा कशाशी काही संबंध नाही, पण तापात असलंच सुचतं).

आता गंमत अशी की ताप आला म्हणजे ही यंत्रणा बिघडली असं मी इतकी वर्षं धरून चाललेले. तसं नसतंच. जंतू शिरले की पांढऱ्या पेशी सांगावा धाडतात, त्यानं मेंदूत प्रोस्टाग्लॅंडिन ई२ नावाचं रसायन तयार होतं, आणि ते हायपोथॅलॅमसला सांगतं की पातळी वर सरकव. म्हणजे कुणीतरी रात्रीत जाऊन पुलावरची खूण पुसली आणि नवीन खूण वरती रंगवली. आता नवीन खूण १०२ ला आणि अंग अजून ९९ ला, मग हायपोथॅलॅमसच्या हिशोबानं तुम्ही गारठलेलाच की! म्हणून हातपाय गार, अंगावर काटा, हुडहुडी. माझं कुडकुडणं म्हणजे बिघाड नव्हता, वरच्या खुणेपर्यंत पाणी चढवायचं रीतसर काम चाललेलं, कारण वाढलेल्या गरमीत बऱ्याच जंतूंना वाढायला जड जातं. आणि पॅरासिटामॉल काय करतं तर मेंदूत ते प्रोस्टाग्लॅंडिन कमी करतं, खूण परत खाली येते. लगेच नाही, अर्धा-पाऊण तास जातो. कोयनेचे दरवाजे खाली केले म्हणून सांगलीत पाणी त्याच क्षणी उतरत नाही, तसंच.

उन्हाळ्यात जत-आटपाडीकडं ऊन लागून माणसं पडतात ते मात्र वेगळं. तिथं खूण जागच्या जागी ९८.६ लाच असते, पण बाहेरनं येणारी उष्णता इतकी की घामाचा विसर्ग पुरा पडत नाही. तो खरा महापूर. तिथं पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, कारण उतरवायला खूणच चढलेली नाही, तिथं अंग पाण्यानं भिजवून वारा घालायचा आणि दवाखाना गाठायचा. आकडा दोन्हीकडं १०४ दिसला तरी दोन्ही दुखणी सारखी नाहीत, हे मला तरी पहिल्यांदाच कळलं.

आईचा तोवर एकच धोशा, "पाणी पी, पाणी पी." आणि ती स्वतः दिवसात दोन पेले पीत असेल तर शपथ, विचारलं की "मला तहानच लागत नाही." ते मी थाप समजायचे, पण वय झालं की तहानेची जाणीव खरंच मंदावते, अंगाला पाणी हवं असतं पण निरोप जोरात येत नाही. आपल्या मूत्रपिंडातून दिवसाला १८० लिटर पाणी गाळून निघतं आणि त्यातलं जेमतेम दीड-दोन लिटर बाहेर जातं, बाकी सगळं परत रक्तात, आणि परत किती ओढायचं तेही हायपोथॅलॅमसनं केलेलं हार्मोन बघतं. एवढी काटकसर आमच्या आईशिवाय कुणाला जमणार!

रात्री तीनच्या सुमाराला मला एकदम उकडलं. दोन्ही वाकळा लाथेनं खाली, उशी ओली, गाऊन अंगाला चिकटलेला. खूण उतरलेली आणि दरवाजे सगळे उघडलेले. उठून तांब्याभर पाणी घटाघट प्यायले आणि जीव थंड झाला. पाणी रक्तात पोचायला दहाएक मिनिटं तरी लागतात म्हणे, पण मेंदू तहान मिनिटाभरात बंद करतो, पुढचा अंदाज बघून. पावसाचा अंदाज बघून आधीच विसर्ग ठरवतात तसं. मला ते वाचून हायपोथॅलॅमसबद्दल उगाच आदर वाटला.

आप्पा जागेच होते. कपाळाला हात लावून म्हणाले, "उतरला." मी विचारलं, "आणि तिकडं?" मोबाईल बघत म्हणाले, "३८ ला थांबलंय. तासाभरात इंचभर पण नाही." मग तिथंच खुर्चीत त्यांचा डोळा लागला.

सकाळी सात वाजता मावशीचा फोन. आप्पा उचलून म्हणाले, "९८." तिकडनं आवाज आला, "दाजी, आधी सांगा, पोरगी का पूल?"