बेलापूरचे आर्टिस्ट व्हिलेज : चार्ल्स कोरियांच्या चौकांतली एक सकाळ

माझी भाची वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिला वास्तुकार चार्ल्स कोरियांनी रचलेल्या, नवी मुंबईतल्या बेलापूरच्या ‘आर्टिस्ट व्हिलेज’ या वसाहतीची मोजमापे घेऊन रेखाटने करायची होती, म्हणून मार्चच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघे ठाण्याहून सकाळी सातच्या सुमारास पनवेल लोकलने निघालो. डावीकडे पारसिकचे डोंगर आणि उजवीकडे नवी मुंबईचा एकेक नोड, म्हणजे उपनगर, मागे टाकत ही गाडी थेट बेलापूरला जाते, त्यामुळे ठाणेकरांना मध्ये गाडी बदलावी लागत नाही. मुंबईहून येणाऱ्यांनी हार्बरची पनवेल लोकल घ्यावी. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला ‘सेक्टर आठ, आर्टिस्ट व्हिलेज’ एवढे सांगितले की पुरते.

या प्रवासाला गाडीतच सुरुवात होते असे मला वाटते, कारण ज्या शहरातून ती जाते त्या नवी मुंबईच्या कल्पनेतही कोरियांचा वाटा आहे. १९३० साली सिकंदराबादला जन्मलेल्या आणि अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ व एमआयटी येथे शिकून आलेल्या कोरियांनी १९५८ मध्ये मुंबईत स्वतःचा व्यवसाय सुरू केला. त्यांनी रचलेले साबरमती आश्रमातले गांधी स्मारक संग्रहालय १९६३ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा त्यांनी तिशी नुकतीच ओलांडली होती. त्याच सुमारास वास्तुकार प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांच्यासह त्यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याचा प्रस्ताव मांडला. १९७० मध्ये हे शहर उभारण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढची पाच वर्षे कोरिया या शहराचे मुख्य वास्तुकार होते. बेलापूरची ही वसाहत मात्र त्यानंतरची, १९८३ ते १९८६ या काळातली आहे.

आत शिरताना पहिल्या पाच मिनिटांत निराशा होण्याची शक्यता आहे, म्हणून जाणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो. छायाचित्रांत दिसणारी पांढऱ्या भिंतींची, उतरत्या कौलांची बैठी घरे आता थोडीच उरली आहेत. बहुतेक जागी दोन-तीन मजली स्लॅबची घरे, टाइल्स लावलेले दर्शनी भाग आणि लोखंडी जाळ्या आहेत. भाचीचा चेहरा उतरला. पण घरे बदलत जावीत हेच या आराखड्यात गृहीत धरलेले होते. प्रत्येक कुटुंबाला स्वतःचा स्वतंत्र भूखंड दिला गेला आणि शेजाऱ्याशी सामाईक भिंत ठेवली गेली नाही, म्हणजे कमाई वाढेल तशी कुणाचीही भिंत न दुखावता खोली वाढवता यावी. भूखंडही पंचेचाळीस ते पंचाहत्तर चौरस मीटरच्या दरम्यानचेच होते, त्यामुळे उत्पन्न कमी असलेल्यांच्या आणि जास्त असलेल्यांच्या घरांत फार मोठी दरी पडू दिलेली नव्हती. म्हणून इथे घरांपेक्षा घरांमधली मोकळी जागा पाहावी, कारण वास्तुकाराचे खरे काम तिथेच आहे आणि ते बऱ्याच अंशी शाबूत आहे.

सात घरे एका चौकाभोवती, आणि तो चौक सुमारे आठ मीटर लांब-रुंद. असे तीन गट मिळून एकवीस घरांचा त्याहून मोठा, सुमारे बारा मीटरचा चौक. पुन्हा तसे तीन मिळून आणखी मोठी मोकळी जागा, आणि शेवटी सगळ्यांना जोडणारा, डोंगरातले पावसाळी पाणी वाहून नेणारा मधला ओढा. ही मांडणी कागदावर चटकन कळते, पण चालताना ती अंगाने जाणवते. अरुंद बोळातून पाऊल बाहेर पडते आणि अचानक वर आकाश उघडते. भाचीने टेप लावून एक चौक मोजला, तेव्हा तो आठ मीटरला दोन विती कमी भरला, कारण एका घराचा ओटा पुढे आला होता.

त्याच चौकात एक काकू प्लास्टिकच्या कागदावर साबुदाण्याच्या पापड्या घालत होत्या. मी म्हणालो, “काकू, आम्ही थोडी मोजमापं घेऊ का? कुणाच्या दारात जाणार नाही.” त्या म्हणाल्या, “घ्या की, फक्त कागदावर पाय देऊ नका.” आम्ही अर्धा तास होतो आणि तेवढ्यात त्यांनी तो कागद दोनदा ओढून सरकवला. पूर्वेकडच्या घराचे दोन मजले वाढल्यापासून सकाळचे ऊन चौकात उशिरा उतरते आणि सावली सरकेल तसा कागद सरकवावा लागतो. “पूर्वी एकदा पसरलं की दुपारपर्यंत बघायला नको,” त्या म्हणाल्या, आणि त्यात तक्रारीचा सूर नव्हता, कारण ते वाढीव मजले त्यांच्या धाकट्या दिरांचेच होते.

कोरिया आयुष्यभर जे मांडत आले ते मला त्या कागदाभोवती सर्वांत स्पष्ट दिसले. आपल्या हवामानात वर्षातला बराच काळ माणसे ओट्यावर, अंगणात, गच्चीवर वावरतात. म्हणून उघड्या आकाशाखालची जागा ही उरलेली जागा नसून घराचीच एक खोली आहे, आणि गरिबाच्या घरात ती सर्वांत स्वस्तात मिळणारी खोली आहे. बेलापूरचे काम सुरू झाले त्याच १९८३ साली कंबाला हिलवर त्यांची अठ्ठावीस मजली ‘कांचनजंगा’ पूर्ण झाली. तिच्या कोपऱ्यांतल्या दुमजली उंचीच्या बागा म्हणजे जुन्या बंगल्याचा व्हरांडा उंचावर नेलेला आहे. श्रीमंतांचा मनोरा आणि साध्या माणसांची ही बैठी वसाहत एकाच विचारातून निघाली आहे. मला बेलापूर अधिक मोलाचे वाटते, कारण इथे तो विचार गवंड्याच्या हातात आणि कुटुंबाच्या खिशात मावतो.

चौकांची आजची अवस्था सगळीकडे सारखी नाही. काही ठिकाणी तुळशी वृंदावन, सायकली आणि ओट्यावरच्या गप्पा आहेत. काही ठिकाणी दुचाकी आणि मोटारींनी चौक इतका भरला आहे की मुलांना खेळायला कोपराच उरलेला नाही. हे पाहून वाईट वाटते, कारण वाढीव मजला घराच्या गरजेतून येतो, पण अडवलेला चौक सातही घरांचा तोटा करतो.

जाणाऱ्यांनी मूळ आराखड्याची छापील प्रत जवळ ठेवावी. फोनवरच्या उपग्रह-चित्रात झाडे आणि वाढलेली छपरे यांमुळे सात-एकवीसची रचना ओळखू येत नाही. सकाळी नऊच्या आत पोहोचावे, कारण नंतर ऊन चढते आणि सावल्या आखूड होऊन चौकांची खोली छायाचित्रात उतरत नाही. इथे तिकीट, फलक किंवा वाटाड्या काही नाही. ही लोकांची राहती घरे आहेत, तेव्हा चौकात पाऊल टाकण्यापूर्वी ओट्यावर जे असतील त्यांना विचारावे आणि दारे-खिडक्यांकडे कॅमेरा रोखू नये. ओढा वाहता पाहायचा असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये जावे, मात्र तेव्हा फरशांवर शेवाळ असते, म्हणून पकड असलेली पादत्राणे घालावीत. दोन-अडीच तास पुरतात. आम्ही निघालो तेव्हा काकूंचा कागद तिसऱ्यांदा सरकला होता आणि भाचीने आपल्या रेखाटनात त्याच्या चारही जागा वेळेसकट नोंदवून घेतल्या होत्या.