नऊ तारांचा पीळ

बाबांचा तीन बँडचा ट्रान्झिस्टर मी एका मे महिन्यात उघडला. सकाळचं आकाशवाणी रत्नागिरी, ११४३ किलोहर्ट्झ, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं स्टेशन. वेंगुर्ल्यात ते दिवसा तसंही हळूच लागायचं, पण त्या महिन्यात ते पार बुडालं. पणजी लागत होतं, रत्नागिरीच्या जागी नुसती खरखर.

आत फेराइट रॉडवरच्या, म्हणजे रेडिओच्या आतल्या अँटेनाच्या, कॉइलचं एक टोक तुटलेलं दिसलं. टोकाला हिरवट थर चढला होता. घर समुद्राला लागून असलं की तांब्याचं हे असं होतंच. भिंग लावून पाहिलं तर ती एक तार नव्हतीच. केसासारख्या बारीक तारांचा जुडगा होता, वर रेशमाचं वेष्टण, आणि आतल्या निम्म्या तारा खाऱ्या हवेने खाल्लेल्या. मी ती कॉइल उलगडली, वेढे मोजले, सत्तर भरले. मोटार वाइंडिंगच्या दुकानातून ३० गेजची इनॅमल तार आणून सत्तर वेढे घातले. तांबं पहिल्यापेक्षा जास्तच झालं होतं, त्यामुळे रेडिओ आधीपेक्षा बरा लागेल अशी माझी खात्री होती. पणजी लागलं. रत्नागिरी नाही.

माझ्याकडे हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स आहे, पण माझं सगळं काम ७ मेगाहर्ट्झच्या वर. तिथे अशा जुडग्याच्या तारेचा, लिट्झ वायरचा, संबंध येत नाही, म्हणून तो जुडगा कशासाठी असतो हे मी कधी खोलात वाचलं नव्हतं. त्या आठवड्यात वाचलं. फ्रीक्वेन्सी वाढली की करंट तारेच्या पृष्ठभागाशी गोळा होतो. १ मेगाहर्ट्झला तांब्यात तो जेमतेम ०.०६६ मिलिमीटर खोल शिरतो. माझी ३० गेजची तार ०.३१५ मिलिमीटर जाडीची, म्हणजे मधलं तांबं जवळपास बिनकामाचं. त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. वेढ्याला वेढा चिकटून असला की एका वेढ्याचं चुंबकीय क्षेत्र शेजारच्या तारेतला करंट एका कडेला ढकलतं, आणि रोध कित्येक पटींनी वाढतो. फेराइट रॉडवरची कॉइल तर चिकटूनच गुंडाळलेली असते. यावरचा उपाय म्हणजे बारीक, एकमेकींपासून इनॅमलने वेगळ्या राहिलेल्या तारा अशा पिळायच्या की प्रत्येक तार कधी आत, कधी बाहेर येईल आणि सगळ्यांच्या वाट्याला सारखा करंट येईल. हीच लिट्झ.

तयार लिट्झ आमच्याकडे कुठे मिळेना, म्हणून स्वतःच करायची ठरवली.

पहिल्यांदा भंगारातल्या एका छोट्या ट्रान्सफॉर्मरची बारीक तार उलगडली. तिचं इनॅमल सोल्डरिंग आयर्नला दाद देईना. पॉलिश पेपरने घासलं की तार तुटायची. अ‍ॅस्पिरिनची गोळी आयर्नने वितळवून तीत टोक बुडवायची युक्ती वाचली होती, तीही केली. इनॅमल गेलं, पण तो धूर घशात असा बसला की रात्रभर खोकत होतो. हे कोणीही करू नये. शेवटी मुंबईला जाणाऱ्या एका मित्राला लॅमिंग्टन रोडवरून ४४ गेजची, उष्णतेने इनॅमल वितळणारी तार आणायला सांगितली. मागताना हे स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर दुकानदार हाताला लागेल ती देतो. ४४ गेज म्हणजे ०.०८१ मिलिमीटर. याहून बारीक मिळाली असती तर मध्यम लहरींसाठी आणखी चांगलं, पण हाताने पिळायची तर याच्या खाली जाण्यात अर्थ नाही. फुंकरीनेसुद्धा गुंता होतो.

घाईत मी नऊ तारा नुसत्या शेजारी-शेजारी ठेवून टेफ्लॉन टेपने गुंडाळल्या आणि कॉइल केली. कुडाळच्या एका हॅम मित्राने नॅनोव्हीएनए दिला होता, म्हणजे कुठल्या फ्रीक्वेन्सीला सिग्नल किती येतो ते दाखवणारं छोटं मोजयंत्र. रॉडच्या दोन टोकांना दोन सैल वेढे, मध्ये कॉइल आणि गँग (स्टेशन लावायचा कपॅसिटर), १००० किलोहर्ट्झला ट्यून करून सिग्नलच्या शिखराची रुंदी ३ डेसिबल खाली मोजायची. फ्रीक्वेन्सीला रुंदीने भागलं की क्यू मिळतो; तो जितका जास्त, तितकं कॉइलमधलं नुकसान कमी. साध्या तारेच्या कॉइलची रुंदी होती साडेबारा किलोहर्ट्झ, म्हणजे क्यू ८०. या नऊ तारांची आली ११. इतक्या खटपटीनंतर फरक एवढाच. पीळ नसला की बाहेरच्या तारा कायम बाहेर, आतल्या कायम आत. मग नऊ तारा काय आणि एक जाड तार काय, सारखंच.

पुढे हँड ड्रिलला हुक लावून पीळ घालायला बसलो. आधी तीन-तीन तारांचे तीन पदर, मग तीन पदरांची एक दोरी. दोन्ही वेळा ड्रिल एकाच बाजूला फिरवलं. ताण सोडला आणि सगळं स्प्रिंगसारखं गोळा झालं, जागोजागी गाठी पडल्या, चार मीटर तार वाया.

शेजारच्या काकी खळ्यात सुंभ वळत होत्या. त्यांचं घर पूर्वीपासून काथ्याचं काम करणारं. नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात कुजवायची, बडवायची, त्याचा काथ्या काढून वळायचा. माझा गुंता त्यांनी हातात घेतला, दोन बोटांत फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "एकाच अंगान पीळ घातलंस तर तो उलगडतलोच. तिघांक एकत्र करताना उलटो पीळ घाल, मगे बसात." मग मला समोर बसवून सुंभाचे दोन पदर घेतले. एक-एक पदर उजवीकडे घट्ट पिळलेला, दोन्ही जवळ आणून हात डावीकडे फिरवला. पदर सुटायला बघतात आणि सुटता सुटता एकमेकांना आवळतात. अजून एक गोष्ट त्यांनी दाखवली, जी मी वाचलेल्या कुठल्याच माहितीत नव्हती. पहिला पीळ गरजेपेक्षा जास्त घालायचा, कारण दुसरा उलटा पीळ त्यातला थोडा खातो.

दुसऱ्या दिवशी पडवीच्या खांबापासून चार मीटरचं अंतर धरलं. पडवीच्या टोकाच्या दांडीवरून तारा खाली सोडून त्यांना छोटासा दगड बांधला, म्हणजे ताण सारखा राहतो आणि तार तुटत नाही. पहिला पीळ सेंटिमीटरला एक या हिशोबाने चारशेच्या वर फेरे. तिन्ही पदर तसेच. मग तिघांना एकत्र हुकात घालून ड्रिल उलटं, सावकाश. ताण सोडला तेव्हा दोरी सरळ पडून राहिली. जवळून पाहिलं तर तांबूस, एकसारखी वीण, कुठेही एक तार वर आलेली नाही. मी ती बराच वेळ नुसती बघत होतो.

तरी काम संपलं नव्हतं. कॉइल केली, रुंदी आली साडेआठ. अपेक्षा याहून चांगल्याची होती. कारण सोल्डरमध्ये निघालं. एका टोकाला नऊपैकी दोन तारांचं इनॅमल गेलंच नव्हतं. वरून थेंब छान चकचकीत दिसत होता, आत दोन तारा कोरड्या. मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजून हे कळत नाही, कारण सगळी कॉइलच एका ओहमच्या आसपास आणि प्रोबच्या वायरींचा रोधही त्याच घरातला. खरी पद्धत अशी: एक टोक सोल्डर करायचं, दुसरं टोक झाडूसारखं फाकवायचं, आणि एकेक तार मल्टिमीटरच्या बीपवर सोल्डर केलेल्या टोकाशी तपासायची. नऊच्या नऊ तारांना बीप वाजला की मगच दुसरं टोक जोडायचं. आयर्नवर सोल्डरचा मोठा थेंब घेऊन, ४०० अंशांच्या आसपास, टोक त्यात सावकाश ढकलायचं. घासायचं नाही. सुटून राहिलेली तार करंट वाहत नाही, पण शेजारच्या क्षेत्रात तिचं नुकसान चालूच असतं.

नऊ तारा जोडल्यावर रुंदी सहा किलोहर्ट्झ. क्यू जवळपास १६७.

पावसाळा तोंडावर होता, म्हणून मेणाचं काम लगेच केलं. कॉइल साठ वॅटच्या बल्बखाली खोक्यात रात्रभर सुकवली, मग मधाच्या पोळ्याचं मेण वितळवून त्यात बुडवली. ओली कॉइल मेणात बुडवली तर ओल आतच कोंडली जाते, म्हणून सुकवायची घाई करू नये. मेण घट्ट होण्याआधी कॉइल रॉडवर पुढे-मागे सरकवून ११४३ वर सर्वांत मोठा आवाज मिळाला तिथे ठेवली. बाबा ओट्यावर बसले होते. रत्नागिरीच्या बातम्या शेवटपर्यंत ऐकल्या, आणि उठताना फक्त रेडिओवरून हात फिरवला.

त्यानंतर मी आणखी खालच्या फ्रीक्वेन्सीकडे सरकलो. २०१२ च्या जागतिक रेडिओ परिषदेत ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झचा पट्टा हौशी रेडिओला दुय्यम दर्जाने देण्याचं ठरलं. त्याआधी २००७ मध्ये १३५.७ ते १३७.८. उभ्या अँटेनाला पूर्ण उंची हवी तर पाव लहर लागते; ४७५ किलोहर्ट्झला ती १५८ मीटर भरते, आणि आमचा उंच माड वीस-पंचवीस मीटर. म्हणूनच तिथे प्रक्षेपण करणाऱ्यांची अर्धी लढाई अँटेनाच्या पायथ्याच्या, तिची कमी उंची भरून काढणाऱ्या मोठ्या लोडिंग कॉइलशी असते. तीत जितका रोध, तितकी ताकद उष्णतेत जाते, आणि लिट्झचा खरा मान तिथे आहे. मी फक्त ऐकतो. दुसरा रॉड याच नऊ तारांनी गुंडाळला. तिथे करंट ०.०९६ मिलिमीटर शिरतो, त्यामुळे ४४ गेज आणखी शोभतं. हौशी स्टेशन अजून सापडलेलं नाही. पण त्याच्या खालच्या पट्ट्यात विमानांसाठीचे बीकन मोर्समध्ये आपली दोन-तीन अक्षरं रात्रभर पाठवत राहतात, ते पहिल्याच रात्री ऐकू आले.

हॅम मित्र विचारतात, ७ मेगाहर्ट्झच्या कॉइलला लिट्झ घालू का? नको. तिथे करंट ०.०२५ मिलिमीटरच शिरतो, इतकी बारीक तार हाताळणं अशक्य, आणि तारांमधला कपॅसिटन्स पिळाचा फायदा खाऊन टाकतो. तिथे जाड तांबं किंवा नळी. वेढ्यांत अंतर ठेवलेल्या मोठ्या चौकटीच्या लूप अँटेनालाही जाड साधी तार अनेकदा पुरते. चिकटून गुंडाळलेली लहान कॉइल असेल, आणि काम दोन मेगाहर्ट्झच्या खाली असेल, तरच हा खटाटोप करावा.

सध्या सत्तावीस तारांची दोरी वळतो आहे, तीन तारांचा पदर, तीन पदरांची दोरी, आणि अशा तीन दोऱ्यांची पुन्हा एक. तिसरा पीळ पुन्हा पहिल्याच दिशेने घालायचा, हे काकींना विचारून घेतलं आहे.