सोळा बाइटांचे फ्रेम

सी भाषेत लिहिलेल्या आमच्या वेब सर्व्हरवर मोठ्या फाइली अपलोड करणारी काही कनेक्शने सोळा तास सुरळीत चालतात आणि त्यानंतर जवळजवळ ठप्प होतात, अशी तक्रार माझ्याकडे आली तेव्हा माझा तिच्यावर विश्वास बसला नाही. ठरावीक तासांनी बिघडणारा सर्व्हर मी तोवर पाहिला नव्हता. पण तक्रार करणारे सहकारी क्लायंटचा प्रोग्राम सांभाळत होते आणि मोघम बोलण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. "कनेक्शन तुटत नाही, एरर येत नाही, फक्त पन्नास मेगाबाइटची फाइल तासाभरात एक टक्काही पुढे सरकत नाही. तेच कनेक्शन बंद करून नवे उघडले की अडीच-तीन मिनिटांत जाते," असे त्यांनी सांगितले आणि तशा सहा कनेक्शनांच्या वेळा पाठवल्या. प्रत्येक कनेक्शन दिवसाच्या वेगळ्या वेळी उघडलेले होते, पण ते रखडायला लागले होते सोळाव्या तासाच्या आसपासच.

सर्व्हरची रचना आधी थोडक्यात सांगते. प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरसाठी एक प्रोसेस, प्रत्येक प्रोसेसमध्ये लिनक्सच्या ईपोलवर (कोणत्या कनेक्शनवर काही आले ते कळवणाऱ्या सोयीवर) फिरणारे एकच लूप, टीएलएससाठी, म्हणजे कूटबद्धतेसाठी, ओपनएसएसएल ही लायब्ररी, आणि त्यावर आम्ही स्वतः लिहिलेला एचटीटीपी/२ चा, म्हणजे वेबवरच्या संवादाच्या नियमांचा, थर. सी निवडण्यामागे वेगापेक्षाही एक वेगळे कारण होते. एका कनेक्शनला किती बाइट मेमरी लागते आणि ती केव्हा मोकळी होते, हे आम्हाला नेमके ठाऊक असायला हवे होते, कारण हजारो कनेक्शने दिवसदिवस उघडी राहणार होती. मेमरीचा हा हिशेब काटेकोर ठेवल्याचा मला अभिमान होता. चूक निघाली ती दुसऱ्या एका हिशेबात, आणि तीही या काटेकोरपणामुळेच शिरलेली होती.

पहिला संशय मी ईपोलच्या 'एज-ट्रिगर्ड' पद्धतीवर घेतला. या पद्धतीत सॉकेटवर, म्हणजे कनेक्शनच्या आपल्याकडच्या टोकावर, नवीन काही आले तरच कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, कळवतो. आलेले सगळे वाचून संपवण्याची जबाबदारी आपली असते. मध्ये टीएलएस असले की आणखी एक अडचण उभी राहते. ओपनएसएसएल एका वेळी १६,३८४ बाइटांपर्यंतचे एक रेकॉर्ड उलगडते. त्यातले थोडेच आपण घेतले तर उरलेले लायब्ररीच्या बफरमध्ये पडून राहतात आणि कर्नलच्या दृष्टीने मात्र वाचण्याजोगे काहीच शिल्लक नसते. मग लूप झोपते आणि डेटा आतच अडकतो. अशा चुका मी पूर्वी दुरुस्त केल्या आहेत, त्यामुळे वाचनाचे फंक्शन ओळीओळीने तपासण्यात मी सकाळचे दोन तास घालवले. ते निर्दोष होते. शिवाय कनेक्शन पूर्ण थांबलेले नव्हते, ते सरपटत होते. अडकलेल्या डेटाचे लक्षण असे नसते, हे मी तपासणी सुरू करण्यापूर्वीच ओळखायला हवे होते.

दुसरा संशय नेगलच्या पद्धतीवर गेला. लहान पॅकेटे साठवून ठेवणारा पाठवणारा आणि पोच देण्यास विलंब लावणारा घेणारा समोरासमोर आले की प्रत्येक पावलाला किमान ४० मिलिसेकंदांची भर पडू शकते. सर्व्हरवर आम्ही ही साठवणूक बंद करणारे टीसीपी-नोडिले लावलेले होते, आणि क्लायंटकडेही ते असल्याची खात्री सहकाऱ्यांनी करून दिली. मग मी रखडलेल्या एका कनेक्शनवरची पॅकेटे नुसती मोजली. ती कूटबद्ध होती तरी वेळ आणि आकार दिसत होते. क्लायंटकडून एक छोटे पॅकेट, आमच्याकडून एक छोटे पॅकेट, पुन्हा क्लायंटकडून एक; दोन्ही टोकांमध्ये पॅकेट जाऊन परत यायला जे २०० मिलिसेकंद लागत होते, बरोबर तेवढ्याच अंतराने हे चालले होते. एकही पॅकेट हरवत नव्हते, पुन्हा पाठवले जात नव्हते, आणि दोन्ही बाजूंच्या सॉकेटांच्या रांगा रिकाम्या होत्या. याचा अर्थ जाळे मोकळे होते. क्लायंट आमच्याकडून कशाची तरी वाट पाहत होता, आणि ते आम्ही त्याला दर वेळी चिमूटभरच देत होतो.

टीएलएस १.३ मध्ये सत्राच्या किल्ल्या आधीपासून नोंदवून ठेवलेल्या नसतील तर चालू कनेक्शनचे पॅकेट मागाहून उलगडता येत नाही. म्हणून सर्व्हर लिहितानाच मी त्यात एक सोय ठेवली होती. प्रोसेसला एक सिग्नल पाठवला की प्रत्येक एचटीटीपी/२ फ्रेमचा, म्हणजे संदेशाच्या एका तुकड्याचा, प्रकार, लांबी आणि स्ट्रीमचा क्रमांक लॉगमध्ये उतरू लागतो. ती सोय सुरू केली आणि पडद्यावर एकाच नमुन्याच्या ओळी उतरू लागल्या. डेटा फ्रेम, लांबी १६. आमच्याकडून संपूर्ण कनेक्शनसाठी विंडो-अपडेट, वाढ १६. त्या स्ट्रीमसाठी विंडो-अपडेट, वाढ १६. पुन्हा डेटा फ्रेम, लांबी १६. सेकंदाला पाच फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ८० बाइट. सोळा बाइट मजकुरासाठी नऊ बाइटांचे फ्रेमचे हेडर, त्यावर टीएलएसचे आणखी बावीस आणि त्यावर टीसीपी-आयपीचे वेगळे, असा तो प्रवास चालू होता. हे दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून अजून हललेले नाही.

सोळाचा हा आकडा का बोलका होता, हे कळण्यासाठी एचटीटीपी/२ ची विंडो समजून घ्यावी लागेल. एकाच टीसीपी कनेक्शनवर अनेक विनंत्या एकत्र धावतात आणि त्या प्रत्येकीला स्ट्रीम म्हणतात. घेणाऱ्याच्या क्षमतेबाहेर डेटा येऊ नये म्हणून पाठवणाऱ्याला परवानगीचा कोटा दिलेला असतो, आणि तो दोन पातळ्यांवर असतो: प्रत्येक स्ट्रीमचा वेगळा आणि सगळ्या कनेक्शनचा मिळून एक. दोन्ही सुरुवातीला ६५,५३५ बाइटांचे असतात. डेटा पाठवला की दोन्हींतून तेवढे वजा होतात. घेणाऱ्याने तो पचवला की विंडो-अपडेट पाठवून त्याने ते परत करायचे असतात. आम्ही स्ट्रीमची विंडो तशीच ठेवली होती, पण कनेक्शनची विंडो सुरुवातीलाच ९,८३,०४१ ने वाढवून १०,४८,५७६, म्हणजे बरोबर एक मेगाबाइट करत होतो.

रखडलेल्या प्रोसेसची मेमरी फाइलमध्ये उतरवून घेऊन मी ती जीडीबी या डीबगरने उघडली. आमच्या नोंदीप्रमाणे क्लायंटजवळ कनेक्शनसाठी पूर्ण १०,४८,५७६ बाइटांची परवानगी होती. क्लायंट मात्र त्याच्याजवळ सोळाच बाइट असल्यासारखा वागत होता. स्ट्रीम नवी होती, तिची विंडो पूर्ण शिल्लक होती. म्हणजे अडवणूक कनेक्शनच्याच पातळीवर होती. मी सहकाऱ्यांना फोन करून त्यांच्या लायब्ररीतली नोंद पाहण्याची विनंती केली. ते शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे सोळा दिसतात."

तेव्हा मी कागदावर वजाबाकी केली. १०,४८,५७६ वजा १६ म्हणजे १०,४८,५६०. त्याला ६५,५३५ ने भागले तर उत्तर बरोबर १६ येते आणि बाकी शून्य राहते. कुठेतरी एका पूर्ण स्ट्रीमची विंडो आमच्या हिशेबातून सोळा वेळा निसटली होती, आणि तासही सोळाच झाले होते. मी विचारले, "तुमच्याकडे दर तासाला काय घडते?" उत्तर यायला क्षणभरही लागला नाही. "टोकनची मुदत संपते."

पुढचे सगळे मग आपोआप जुळत गेले. क्लायंटला टोकन, म्हणजे त्याची ओळख पटवणारी तात्पुरती खूण, संपल्याचे आमच्या ४०१ ('ओळख पटली नाही') या उत्तरातूनच कळत असे. तो हेडर पाठवून उत्तराची वाट न पाहता मजकूर पाठवू लागे, आणि हे योग्यच आहे. आम्ही हेडर पाहताच ४०१ देऊन लगेच आरएसटी-स्ट्रीम या फ्रेमने ती स्ट्रीम बंद करत होतो. यालाही प्रोटोकॉलची मान्यता आहे. पण आमचा नकार पोहोचेपर्यंत क्लायंटने ६५,५३५ बाइट आपल्या कर्नलच्या बफरमध्ये टाकलेले असत आणि तिथून ते मागे घेता येत नाहीत. १६,३८४ बाइटांचे तीन फ्रेम आणि १६,३८३ चा एक, असे चार फ्रेम बंद झालेल्या स्ट्रीमच्या नावावर आमच्या दारात येत. आमचे फंक्शन स्ट्रीम शोधायचे, ती सापडायची नाही, आणि ते तिथूनच परतायचे. फ्रेम टाकून दिला जाई; तो कनेक्शनच्या खात्यातून वजाही होत नसे आणि परतही केला जात नसे. क्लायंटच्या खात्यात मात्र ते बाइट खर्ची पडलेले असत.

त्याआधी पंधरा तास वेग जराही का घसरला नाही, हा प्रश्न मला थोडा वेळ छळत राहिला. क्लायंट एका वेळी एकच फाइल पाठवत असल्यामुळे त्याचा वेग स्ट्रीमच्या ६५,५३५ च्या मर्यादेनेच ठरत होता. पंधराव्या नकारानंतरही कनेक्शनच्या खात्यात ६५,५५१ बाइट उरत होते, म्हणजे तेवढ्याला पुरेसे. सोळाव्या नकाराने ते एकदम सोळावर आले. आमच्या चाचण्यांमध्ये हे कधीच दिसले नव्हते, कारण नाकारलेल्या अपलोडची चाचणी दर वेळी नव्या कनेक्शनवर होत होती. परवानगी साठवून अर्धी विंडो रिकामी झाल्यावर एकदम परत करण्याची सुधारणा मी करायची ठरवली होती, पण ती राहून गेली होती. ती केली असती तर कनेक्शन नवव्या नकारानंतरच पूर्ण गोठले असते, आणि सोळा बाइटांचा हा माग मला मिळाला नसता.

स्ट्रीम न सापडल्यास तिथूनच परतण्याची ती ओळ केव्हा आली हे मी जुन्या आवृत्त्यांमध्ये शोधले. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'रॅपिड रीसेट' हा हल्ला जाहीर झाला होता. त्यात हल्लेखोर स्ट्रीम उघडून लगेच रद्द करतो आणि हे इतक्या वेगाने करत राहतो की सर्व्हर मेटाकुटीला येतो. तोवर बंद झालेल्या स्ट्रीमची नोंद आम्ही काही काळ मेमरीत ठेवत होतो आणि तिच्या नावावर उशिरा आलेला डेटा मोजून मग टाकत होतो. हल्ल्याची बातमी वाचून मी ती मेमरी त्याच क्षणी मोकळी करायला सुरुवात केली आणि मोकळ्या मेमरीला चुकून हात लागू नये म्हणून स्ट्रीम न सापडल्यास परत फिरण्याची ओळ घातली. मेमरीच्या दृष्टीने ती अगदी योग्य होती, पण मोजणी त्याच ओळीच्या खाली होती.

मला सर्वांत जास्त लागले ते याच फाइलमध्ये दोनशे ओळी वर असलेले माझेच एक टिपण. बंद स्ट्रीमसाठी हेडरचा फ्रेम आला तरी तो उलगडावाच लागतो, कारण एचपॅक या हेडर आखडण्याच्या पद्धतीचे संक्षेपाचे कोष्टक सगळ्या कनेक्शनचे मिळून एकच असते आणि एक फ्रेम गाळला तर पुढचे सगळे हेडर चुकीचे वाचले जातात, असे मी तिथे स्वच्छ शब्दांत लिहिले होते. विंडोही तशीच कनेक्शनची सामाईक गोष्ट आहे. एचटीटीपी/२ चे नियम ठरवणाऱ्या आरएफसी ९११३ या दस्तऐवजात सांगितले आहे की, संपूर्ण कनेक्शनच चूक ठरवून बंद करायचे नसेल तर प्रवाह-नियंत्रणाखाली, म्हणजे या कोट्याखाली, येणारा प्रत्येक फ्रेम कनेक्शनच्या विंडोत मोजलाच पाहिजे, मग तो फ्रेम सदोष का असेना. तो परिच्छेद मी अनेकदा वाचला होता. तरीही डेटा 'टाकून देणे' आणि 'न मोजणे' या दोन गोष्टी माझ्या हातून एक झाल्या होत्या.

दुरुस्ती लहान होती. कनेक्शनची मोजणी स्ट्रीमच्या शोधाच्या वर नेली आणि टाकलेल्या बाइटांची परवानगी लगेच परत केली. मात्र एवढ्यावर थांबता येत नव्हते, कारण मग एखाद्या दुष्ट क्लायंटला बंद स्ट्रीमवर अमर्याद डेटा ओतता आला असता. म्हणून नुकत्याच बंद केलेल्या स्ट्रीमचे फक्त क्रमांक, वेळ आणि उरलेली विंडो एका छोट्या ठरावीक आकाराच्या रिंगमध्ये ठेवले. त्या मर्यादेत बसणारा डेटा मोजून टाकायचा. त्याबाहेरचा आला तर कनेक्शनच चूक मानून बंद करायचे. हे लिहीत असताना पॅडिंगचे, म्हणजे फ्रेमची लांबी वाढवण्यासाठी घातलेल्या भरतीचे, बाइट परत करायचे राहिल्याचेही लक्षात आले. विंडोत पॅडिंगसह सगळी लांबी मोजावी लागते. या क्लायंटने पॅडिंग कधी वापरले नव्हते, म्हणून ती गळती झाकून राहिली होती.

अर्ध्यावर असलेल्या आमच्या एचटीटीपी/३ च्या कामाकडे मी त्याच संध्याकाळी वळले. एचटीटीपी/३ ज्यावर चालते तो क्विक प्रोटोकॉल ठरवणाऱ्यांनी हा प्रश्न मुळातच ओळखलेला दिसतो. त्याचे नियम ठरवणाऱ्या आरएफसी ९००० मधल्या रीसेट-स्ट्रीम फ्रेममध्ये त्या स्ट्रीमचा अंतिम आकार लिहावाच लागतो, जेणेकरून स्ट्रीम अर्ध्यावर सुटली तरी तिने किती परवानगी खर्च केली यावर दोन्ही टोकांचे एकमत राहावे. परवानगीही 'इतकी वाढ' अशी न देता सुरुवातीपासूनची एकूण मर्यादा म्हणून दिली जाते. तो अंतिम आकार आमचा कोड वाचत होता, पण कनेक्शनच्या बेरजेत धरत नव्हता. ते त्याच दिवशी सुधारले.

रात्री नवी आवृत्ती चढवली आणि एका कनेक्शनवर सोळा अपलोड नाकारून सतरावा पाठवणारी चाचणी कायमची जोडली. डिबग बिल्डमध्ये आणखी एक तपासणी घातली. कनेक्शनवर एकही स्ट्रीम उघडी नसेल तेव्हा मिळालेले सगळे बाइट आणि परत केलेले सगळे बाइट समान असलेच पाहिजेत, आणि ही बेरीज स्ट्रीमच्या नोंदींवरून न करता सॉकेटमधून वाचलेल्या फ्रेमच्या लांब्यांवरून करायची.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर, सहकाऱ्यांच्या सगळ्यांत जुन्या कनेक्शनला सतरा तास होऊन गेल्यावर, मी सिग्नल पाठवून लॉग पुन्हा सुरू केला. डेटा फ्रेम, लांबी १६,३८४. विंडो-अपडेट, वाढ १६,३८४. सतरावा नकार थोड्या वेळापूर्वीच होऊन गेला होता, आणि त्याचे चारही फ्रेम मोजलेले दिसत होते. मी फोन केला तेव्हा सहकारी त्यांच्या बाजूची नोंद पाहतच होते. त्यांनी आकडा वाचून दाखवला: दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर.