ईमच्या नोंदी ईममध्ये नाहीत

आमचे जावई इंग्लंडमधल्या डर्बीशायर काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे. नातवासाठी त्यांच्याकडची वंशावळ करायची म्हणून गेल्या महिन्यात तिथल्या ईम गावाला जाऊन आले. लिहितात ईयाम, पण बसमध्ये 'ईम' म्हणा. एका संस्थळावर स्वच्छ लिहिलं होतं की बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदींच्या जुन्या वह्या चर्चमध्ये बघायला मिळतात. साफ चुकीचं! १९७८च्या कायद्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या वह्या काउंटीच्या अभिलेखागारात जमा होतात. चर्चमध्ये १६६५-६६च्या प्लेगची माहिती मांडलेली आहे, ती बघण्यासारखीच आहे, पण कामासाठी आलेल्या माणसाचा दिवस फुकट जातो. माझा गेला.

तेव्हा थेट मॅटलॉक गाठा, अभिलेखागार तिथे आहे. डर्बीहून रेल्वे आहे, तो प्रवास सोपा. पुढचा बँक रोड मात्र भयंकर. 'स्टेशनपासून जवळच' या शब्दांवर विश्वास ठेवू नका. चढ इतका उभा की १८९३ ते १९२७ तिथे तारेने ओढलेली ट्राम चालायची. मी सिंहगड नेमाने चढते, तरी पावसात, खांद्यावर लॅपटॉप घेऊन, दोनदा भिंतीला टेकून उभी राहिले. वर पोचले तेव्हा पहिला अर्धा तास अक्षरंच लागेनात. टॅक्सी करा, पैसे वसूल होतात.

आधी जागा राखून ठेवा. पत्त्यासकट ओळखपत्र आणि शिसपेन्सिल न्या, शाईचं पेन चालत नाही. मूळ वही हातात मिळेल ही आशा सोडा, बहुतेक काम पडद्यावरच होतं.

तारखांना फसू नका. १७५२पर्यंत इथलं वर्ष २५ मार्चला बदलायचं. प्लेगच्या पहिल्या बळीचं, जॉर्ज व्हिकर्सचं, दफन सप्टेंबर १६६५मधलं. मग 'फेब्रुवारी १६६५' हे त्याच्या आधीचं समजून मी अख्खा तास घालवला. ते आपल्या हिशोबाने १६६६! १७३३पर्यंत लॅटिनही भेटतं.

१८५८पूर्वीची मृत्युपत्रं मॅटलॉकला शोधू नका. मृत्युपत्रं तेव्हा चर्चकडे असायची आणि डर्बीशायर लिचफील्डच्या बिशपच्या हाताखाली होतं. त्याचं दप्तर आता स्टॅफर्डला आहे. त्यासाठी वेगळा दिवस ठेवा.

आणि जन्मदाखला मध्यस्थाकडून अजिबात घेऊ नका. एका संस्थळाने माझ्याकडून चाळीस पौंड उकळले, सरकारी दर साडेबारा. जुलै १८३७पासूनच्या जन्मांची सरकारी सूची फुकट बघता येते, त्यात आईचं माहेरचं आडनावही असतं. तेवढ्यावर निम्मं काम होतं.

आपल्याकडे हेळवी दारात येऊन पिढ्या म्हणून दाखवतो. इथे एकेक नाव आपणच उपसून काढायचं. पण दुसऱ्या दिवशी, बंद व्हायला दहा मिनिटं असताना, १७७१चं लग्न सापडलं. नवरदेवाची सही वेडीवाकडी, नवरीच्या सहीच्या जागी नुसती फुली. दुसरी रेघ ओढताना पेन अडखळलेलं, तिथे शाईचा ठिपका फुगलेला. नातवाच्या वहीत त्या पानाची प्रत पहिली चिकटवली.