खाली गेल्यावर पोरीची आठवण येते का?

येत नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून इतकं स्पष्ट लिहिते. आजवर मी "येते ना, आईच शेवटी" म्हणत आले, कारण बोटीवरच्या पाहुण्यांना तेवढंच हवं असतं. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ मी पर्यटकांना स्कुबा करवते, म्हणजे पाठीवर हवेचा टँक लावून पाण्याखाली नेते. फोनवर पोरीचा फोटो दिसला की सुरुवात होते: केवढी आहे, सांभाळतं कोण, आणि मग आवाज खाली आणून हा प्रश्न. आमच्या बोटीच्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या आबांना, तीन मुलं आहेत. त्यांना लोक सुरमईचा भाव विचारतात.

दुसरा प्रश्न गरोदरपणाचा, तो आधी उरकते. नाही, पोट असताना गेले नाही. चाचणीवर दोन रेघा दिसल्या त्या दिवसापासून पाणी बंद. ते कळल्यावर लोक मला कोरियाच्या जेजू बेटावरच्या हेन्यो बायकांचे व्हिडिओ पाठवतात. नवव्या महिन्यातही समुद्रात उतरायच्या, बघ! मला त्या बायकांबद्दल कोण आदर आहे. २०१६ मध्ये युनेस्कोने त्यांची परंपरा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली, त्याच्या कितीतरी आधीपासून त्या शंख-शिंपले काढून घरं चालवत आल्या आहेत. पण त्या एका दमात खाली जातात आणि वर येतात. पाठीवर टँक नसतो. मी टँकमधली हवा ओढते, आणि दहा मीटरवर ती हवा वरच्यापेक्षा दुप्पट दाबाने छातीत जाते. तिच्यातला नायट्रोजन रक्तात मुरतो, वारेतून बाळापर्यंत पोचतो. वर येताना त्याचे बुडबुडे झालेच, तर आपली फुप्फुसं ते बरेचसे गाळून घेतात. पोटातल्या बाळाचं रक्त फुप्फुसं बहुतेक टाळूनच फिरतं, त्यामुळे तिथे गाळायला कोणी नाही. गरोदर बाईसाठी अमुक खोली सुरक्षित, असं कोणी छातीठोक सांगत नाही. म्हणून नाही गेले. अंगावर पाजत असताना मात्र गेले. दुधातून बाळाला त्या नायट्रोजनचा त्रास होत नाही, हे डाइव्हिंगच्या डॉक्टरांनीच सांगून ठेवलंय. वेटसूट आतून भिजायचा, तो माझा प्रश्न होता.

आता आठवणीचं.

जानेवारीतला शनिवार होता, जेटीवर पाय ठेवायला जागा नाही. पोर सव्वा वर्षाची. सकाळी तिचं अंग कोमट होतं. औषध पाजलं, सासूबाई म्हणाल्या, "जा तू, मी आसंय." निघाले. अंग कोमट असलेलं मूल घरी ठेवून तुम्ही कधीच ऑफिसला गेला नसाल, तर खुशाल बोला.

माझ्या वाट्याला पन्नाशीचे एक आडदांड गृहस्थ आले. किनाऱ्यालगतच्या सरावात उत्तम. खाली सात मीटरवर त्यांच्या मास्कमध्ये चमचाभर पाणी शिरलं आणि माणूस बदलला. टँकमधली हवा तोंडात देणारा रेग्युलेटर थुंकला, माझा मास्क ओढला आणि वरच्या दिशेने लाथा सुरू. अशा वेळी माणूस श्वास रोखून वर सुटला तर वर जाता जाता छातीतली हवा फुगते, फुप्फुस फाटू शकतं. त्याला फार खोलीही लागत नाही. मी त्यांचं जॅकेट दोन्ही हातांनी धरलं, रेग्युलेटर तोंडात कोंबला, बटण दाबून आतलं पाणी उडवलं. मास्क नसल्यामुळे मला ते नुसते धूसर दिसत होते. पण बुडबुडे ऐकू येत होते. बुडबुडे येतायत म्हणजे माणूस श्वास सोडतोय. मी त्या बुडबुड्यांकडे कान लावून त्यांना धरून ठेवलं. मग नांगराची दोरी हाताला लागली आणि आम्ही हळूहळू, अगदी हळूहळू वर आलो.

त्या वेळात घरी पोरीला तापाची आकडी आली होती. डोळे पांढरे, हातपाय ताठ. शेजाऱ्यांच्या रिक्षातून तिला दवाखान्यात नेलं. दोन मिनिटांत झटके थांबले होते. अशा आकडीने मेंदूला सहसा काही होत नाही, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पण ते नंतर.

लोक म्हणतात, आईला कळतं. लेकराला ठेच लागली तर मैलभरावर आईचा जीव चरकतो. माझा नाही चरकला. मला काहीही कळलं नाही. पोर आकडीत होती आणि मी एका परक्या पुरुषाचे बुडबुडे ऐकत होते. त्या क्षणी जगात मला त्याच्याइतकं कोणी महत्त्वाचं नव्हतं. कितीतरी रात्री मी मागे जाऊन शोधलं: छातीत एखादी कळ, हुरहूर, काहीतरी? काही नाही. उलट त्यांना वर आणल्यावर मी खूश होते. शाबास म्हणत होते स्वतःला.

पूर्वी मी सांगायचे, पोटासाठी जाते. ऑक्टोबर ते मे कमवायचं, पावसाळ्यात तेच पुरवायचं, हे खरंच आहे. पण तेवढंच असतं तर होमस्टेही चालवता आला असता. मला खाली जायला आवडतं, आणि आवडण्यातला मोठा भाग हाच की तिथे मी कोणाची आई नसते. ही गोष्ट आकडीनंतरही बदलली नाही. बदलायला हवी होती का? काही दिवशी वाटतं, हो. काही दिवशी त्या गृहस्थांचं वजन हाताला आठवतं आणि वाटतं, त्यांना घरच्या विचारात गुंतलेली बाई मिळाली असती तर?

उरले तांडेल आबा. सासूबाईंचा फोन बोटीवर त्यांनीच घेतला होता. बोटीच्या शिडीवर पाना आपटला की आवाज पाण्यात लांबवर येतो, ती आमची 'वर या'ची खूण. पाना त्यांच्या हातात होता. आपटला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "माणूस होतो ना तुझ्या हातात." नवऱ्याला हे पटलेलं नाही. तो तेव्हा कुडाळला कामावर होता, फोन येताच गाडी काढून निघालाही होता. त्याचं म्हणणं, बायकोला सांगायचं की नाही हे ठरवणारे आबा कोण? माझं म्हणणं, पुढच्या वेळीही आपटू नका. नवरा म्हणतो, आपटा. आबा म्हणतात, "तुमी दोघांनी ठरवा नि माका सांगा."

ऑक्टोबरला बोट परत पाण्यात उतरेल. आमचं अजून ठरलेलं नाही.